कडेच्या ओळींतला मटार

आम्ही घरी परत कधी जाणार हे तीन वर्षं हिवाळा ठरवत होता, आणि त्या हिवाळ्याला काडीची अक्कल नव्हती.

हे मी चिडून सांगते आहे असं वाटेल. चिडूनच सांगते आहे. मी मालिनी, सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी बाई. १९८३ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्यामागून वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्वेला, आयडाहोच्या हद्दीजवळच्या एका गावात येऊन पडले. या भागाला पलूस म्हणतात. आमच्या सांगलीजवळही एक पलूस आहे, त्यामुळे सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की आम्ही काही फार लांब गेलेलो नाही. इथलं पलूस म्हणजे नुसत्या टेकड्या. एकीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, सगळ्या गव्हाने भरलेल्या, आणि सावलीला झाड म्हणून नाही. पाहुणे येतात ते म्हणतात, किती सुंदर. पाहुण्यांचं काय, ते संध्याकाळी परत जातात.

माझा नवरा श्रीरंग हा कडधान्यांचा पैदासकार, म्हणजे नवीन वाण तयार करणारा. एम.एस्सी.च्या दिवसांत आमची ओळख झाली, तेव्हापासून मी त्याला नावाने हाक मारते आणि तो मला मालू म्हणतो. इकडे त्याचं काम होतं वाटाणा आणि मसूर शरद ऋतूत पेरून बघायचं. इथले शेतकरी ही दोन्ही पिकं वसंतात पेरतात. पण वसंतात बर्फ वितळून शेताचा नुसता राडा झालेला असतो, पेरणी लांबते, आणि दाणे भरायच्या वेळी ऊन तापतं. तेच पीक गव्हासारखं सप्टेंबरात पेरलं, तर रोपं थंडीआधी मुळं धरतील, वसंतात सगळ्यांच्या पुढे निघतील आणि उत्पन्न वाढेल. अट एवढीच की मधल्या हिवाळ्यात ती मरता कामा नयेत.

न मरणारा एक वाटाणा होता. जुना, काळपट, जांभळ्या फुलांचा. कसल्याही थंडीला दाद द्यायचा नाही, पण चवीला कडवट, आणि शिजला की गढूळ व्हायचा. तो जनावरांच्या वैरणीला. आणि माणसांनी खायचा हिरवा, गोड वाटाणा पहिल्या कडाक्यालाच मान टाकायचा. या दोघांचा संकर करून डॉक्टर लिंडन नावाच्या प्राध्यापकांनी बरेच नवे वाण तयार केले होते. त्यांतला कोणता हिवाळ्यात जगतो आणि जगला तर दाणे किती देतो, एवढं श्रीरंगने शोधून काढायचं होतं. दोन वर्षांचं काम. मी कॉलेजातून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली, दोन सुटकेसेस भरल्या आणि आले.

आता यातली गोम ऐका. जगणारे कोण हे कळायला काही तरी मरावं लागतं. सगळे जगले तर काही कळत नाही, सगळे मेले तरी काही कळत नाही. श्रीरंगला अर्धं मारणारा हिवाळा हवा होता.

पहिल्या हिवाळ्यात नोव्हेंबरमध्येच बर्फ पडला तो मार्चपर्यंत उठला नाही. मी पदार्थविज्ञानाची बाई, मला ते खिडकीतूनच कळलं होतं. बर्फात हवा कोंडलेली असते, तो गोधडीसारखं काम करतो. बाहेर आपले कान गळून पडतील अशी थंडी, आणि गोधडीखाली वाटाणा आरामात निजलेला. वसंतात बघतात तर सगळे वाण टवटवीत, अगदी नाजूकातला नाजूकसुद्धा. डॉक्टर लिंडन म्हणाले, पीक उत्तम आहे, माहिती शून्य. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फच नाही. उघड्या टेकडीवर कोरडा वारा आणि शून्याखाली उतरलेला पारा. फेब्रुवारीत श्रीरंग शेतावरून आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात बसला. जुना जांभळ्या फुलांचा तेवढा उभा होता, बाकी सगळं करपून भुईसपाट.

दोन्ही वेळा तो मला एकच वाक्य म्हणाला. "आणखी एकच हिवाळा, मालू."

त्या दोन वर्षांत माझं काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते तेवढंच होतं. माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. गावातल्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं कामसुद्धा मला मिळालं आणि परवानगी नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलं. आमचं भाड्याचं घर टेकडीच्या उतारावर, गाडी म्हणजे विद्यापीठाची जुनी पिकअप, ती दिवसभर श्रीरंगकडे. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फाची काच साचायची आणि मी दार उघडून, बघून, परत लावून घ्यायची. समोरच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसायची, मागच्या खिडकीतून मागची. ज्या बाईने भरल्या वर्गापुढे उभं राहून बोलण्यात वर्षं घालवली, ती कपडे वाळवायच्या यंत्राला मराठीतून केंद्रोत्सारी बल समजावून सांगायला लागली. मला कोंडल्यासारखं व्हायचं. रडू यायचं नाही, राग यायचा, आणि रागवायला समोर फक्त हवामान.

उन्हाळ्यात श्रीरंगबरोबर शेतावर जायची. वाफ्यांच्या खुंट्यांना नंबराच्या पाट्या बांध, बियाणं निवड, पिशव्या शिव, अशी कामं करायची. पगार नसल्यामुळे त्याला काम म्हणत नसत, म्हणून त्याला परवानगी होती.

कॉलेजने रजा एकदा वाढवून दिली, कुरकुर करत आणखी थोडी वाढवली, आणि मग स्पष्ट कळवलं की ८६ च्या दिवाळीनंतरचं सत्र सुरू होताना मी वर्गात हजर नसेन तर जागा कायमची दुसऱ्याला जाईल. एकटी पुढे निघून ये असं मला कुणी म्हणालं नाही. खरं तर मलाही ते सुचलं नाही. नवऱ्याला परमुलखात टाकून आली, हे वाक्य कुणी न बोलताच मला सांगलीपासून ऐकू यायचं.

तिसऱ्या हिवाळ्याला मात्र एकदाची अक्कल आली. थोडा बर्फ पडला, वितळला, मग उघड्या रोपांवर आठवडाभर कडाक्याची थंडी, आणि मग वरून पुन्हा बर्फ. एप्रिलमध्ये आम्ही शेतावर गेलो तेव्हा मी पिकअपमधून उतरून नुसती बघतच राहिले. काही वाफे उघडे बोडके, काहींत विरळ रोपं, आणि काही भरगच्च. शेजारच्या तुकड्यात मसूर होता, तुर्कस्तानच्या डोंगराळ भागातून आणलेल्या बियाण्याचा. त्यातलेही काही वाण छान तगले होते. मसुराबद्दल माझी शेवटपर्यंत काही तक्रार नाही.

वाटाण्यात पुढे होता सतरा नंबर. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रत्येक वाण एकाच जागी पेरत नाहीत. शेताचे चार भाग करतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाणाचा एकेक वाफा असतो, तोही चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी. म्हणजे कुणा एकालाच चांगली जमीन मिळाली असं व्हायला नको. त्यामुळे सतरा नंबर पहिल्या ब्लॉकमध्ये रस्त्याच्या कडेला होता, दुसऱ्यात मधोमध, तिसऱ्यात पार कोपऱ्यात आणि चौथ्यात टेकडीच्या माथ्यावर. कुठला वाफा कुठे हे पाटी वाचल्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं. मला आलं असतं, कारण पाट्या मी बांधल्या होत्या. आणि सगळ्या शेताभोवती संरक्षणाला म्हणून त्या जुन्या, जांभळ्या फुलांच्या वाटाण्याच्या काही ओळी असायच्या. त्या कडेच्या ओळी मोजणीत धरत नाहीत, शेवटी कापून टाकून देतात.

चारही ठिकाणी सतरा नंबर उभा होता. फुलं पांढरी, दाणा हिरवा, गोड. डॉक्टर लिंडनना आनंद लपवता येईना. ते म्हणाले, जुलैत याचं उत्पन्न नीट मोजून हातात आलं की काम संपलं, वाणाला नाव देऊ, अहवाल लिहू. काम संपलं की श्रीरंगची नेमणूकही संपणार होती. आणि काही कारणाने उत्पन्नाचे आकडे मिळाले नाहीत तर, ते हसून म्हणाले होते, आणखी एक वर्ष पेरायचं.

मी त्याच आठवड्यात जास्तीची पातेली वाटून टाकली. श्रीरंग म्हणाला, उत्पन्न हातात येईपर्यंत असं काही करू नको. मला वाटलं, शेतकऱ्याच्या जातीचा स्वभाव, पीक घरात येईपर्यंत बोलायचं नाही. मी त्याची थट्टाही केली.

जूनमध्ये एका रविवारी स्पोकेनहून प्रताप आणि पद्मिनी आले. प्रताप तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, पद्मिनी त्याची बायको, आणि इथेच जन्मलेली दीपा ही त्यांची मुलगी. आम्हाला गाडीने गाठता येईल असं तेवढंच एक मराठी घर होतं, आणि पद्मिनी ही माझी तिथली एकुलती एक मैत्रीण. जेवणाआधी श्रीरंग सगळ्यांना शेत दाखवायला घेऊन गेला. आता प्रताप मूळचा सासवडकडचा, म्हणजे मटार पिकतो त्या भागातला. सासवडकडच्या माणसाला मटाराच्या शेतात नेणं म्हणजे काय हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. श्रीरंग थंडी आणि उत्पन्न यांच्यावर बोलत होता तोवर हा गडी पहिल्या ब्लॉकमध्ये शिरलासुद्धा. एका वाफ्यातली शेंग फोडून खाल्ली, तोंड वाकडं केलं, दुसऱ्यातली खाल्ली, थुंकली, आणि तिसऱ्याशी मांड ठोकून बसला. तो नेमका सतरा नंबर. पद्मिनीने स्वेटरचा ओचा केला आणि हा दोन्ही हातांनी वेलासकट शेंगा ओरबाडून त्यात टाकायला लागला.

"डॅड, यू आर स्टीलिंग," दीपा म्हणाली.

"बेटा, शेतात आलं की खायचंच असतं. यू डोंट नो," प्रताप तोंड भरलेलं असताना म्हणाला.

मी रस्त्यावरून ओरडत धावले. ते खायचं नाही, बाहेर या, असं काहीबाही बोलले. आमच्याकडे शेतावर आलेल्याच्या हातात शेतकरी आपण होऊन ओंजळभर देतो, हे मलाही ठाऊक होतं. पण त्या ओंजळीत माझी सांगली होती. बिचारा प्रताप ओशाळून उभा राहिला. श्रीरंग मात्र हसला. म्हणाला, खाऊ दे गं, एकच वाफा आहे, चारांतला एक गेला तर तो हिशेबाने भरून काढता येतो. त्याचं म्हणणं खरंही होतं, तसं सूत्र असतं. मी श्रीरंगबरोबर जेवण गरम करायला पुढे आले, ते लोक मागून त्यांच्या गाडीने आले, आणि जेवताना सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीरंग घरी आला तो कागदी पिशवी भरून मटाराच्या शेंगा घेऊन.

हे किती मोठं होतं ते तुम्हाला कळणार नाही. तीन वर्षांत त्या माणसाने शेतातली एक शेंग घरी आणली नव्हती. पहिल्या वर्षी मी भातापुरता मूठभर मटार मागितला तेव्हा, मालू, शेंग म्हणजे आकडा आहे, असं मला ऐकवलं होतं. वाटाण्याच्या मुलखात राहून मी दुकानातला गोठवलेला मटार विकत आणत होते. आणि आज हा पिशवी पुढे करून म्हणाला, काल सगळ्यांनी खाल्लं, तुझीच हौस राहिली. कडेच्या ओळींतला आहे, तो टाकूनच द्यायचा असतो.

त्यानंतर आठवडाभर रोज एक पिशवी. जूनमध्ये त्या भागात सूर्य नऊपर्यंत मावळत नाही. आम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर शेजारी बसून शेंगा सोलायचो. तीन वर्षांत आम्ही असे बसलो नव्हतो. मी मटारभात केला, करंज्या केल्या, खोबरं घालून उसळ केली, उरलेला मटार पावाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून गोठवून ठेवला. तो गोड होता आणि शिजल्यावरही हिरवागार राहायचा. मी एकदा म्हटलंही, कडेचा वाटाणा कडवट असतो म्हणायचास ना? तो शेंग सोलत राहिला आणि म्हणाला, कोवळा असतो तेव्हा नसतो. मला तेवढं पुरलं. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी सुखी होते. मला वाटत होतं, सुटकेचा दिवस जवळ आला म्हणून नवरा हलका झाला आहे.

मग जुलैच्या सुरुवातीला तो एका दुपारी लवकर घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला की सतरा नंबर गेला. पहिल्याच ब्लॉकमधला नव्हे, चारही ब्लॉकमधला. वेलांवर शेंगा जेमतेम राहिल्या आहेत, उत्पन्न मोजण्यात अर्थ नाही. डॉक्टर लिंडननी स्वतः येऊन पाहिलं. त्यांना सांगावं लागलं की घरी पाहुणे आले होते. ते भले माणूस आहेत, रागावले नाहीत, बियाणं शिल्लक आहे, सप्टेंबरात पुन्हा पेरू म्हणाले.

मी विचारलं, एकच वाफा खाल्ला होता ना? तो म्हणाला, आपण पुढे आलो, ते मागे राहिले, गोड लागला म्हणून शोधत फिरले असतील. आणि मग ते वाक्य. "आणखी एकच हिवाळा, मालू."

मी सरळ भिंतीवरच्या फोनकडे गेले आणि पद्मिनीला लावला. तिला मी काय काय बोलले ते सगळं लिहायची मला लाज वाटते. नवऱ्याच्या जिभेपायी माझी नोकरी गेली म्हणाले. तुम्हाला काय, तुमचं सगळं इथे झालं आहे, म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग फार सावकाश म्हणाली, "मालिनी, दीपाला बाथरूमला जायचं होतं. आम्ही तुमच्या मागोमागच निघालो. तू अजून भात गरम करत होतीस बघ."

मी फोन ठेवला. पण माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं होतं. मी भाताच्या पातेल्यावर पाण्याचा हबका मारत होते आणि दीपा मावशी, मावशी करत बाथरूम शोधत होती. तरीही मला पद्मिनी खोटी ठरायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग गेल्यावर थोड्या वेळाने मी बूट चढवले आणि चालत शेतावर गेले. तो त्या दिवशी डॉक्टर लिंडनबरोबर दुसऱ्या गावच्या शेतावर होता, हे मला माहीत होतं.

पहिला ब्लॉक. सतरा नंबरचे वेल अस्ताव्यस्त, काही मुळासकट उपटलेले, सुकलेले. हे प्रतापचं काम, ओळखू येत होतं. दुसऱ्या ब्लॉकमध्ये मधोमध गेले. दोन्ही बाजूंचे वाफे शेंगांनी लगडलेले, मधला सतरा रिकामा. पण इथे एकही वेल उपटलेला नव्हता. शेंग नखाने खुडलेली, देठ जागच्या जागी. तिसऱ्या ब्लॉकच्या कोपऱ्यात तेच. चौथ्याला टेकडी चढून जावं लागतं. तिथेही तेच, अगदी निगुतीने. पाहुणा माणूस पाट्या वाचत शेतभर फिरून, टेकडी चढून, नखाने शेंगा खुडत नाही. नखाने खुडतो कोण हे मला माहीत होतं. आठवडाभर त्या देठ नसलेल्या शेंगा मी सोलल्या होत्या.

खाली उतरताना मी शेताच्या कडेने आले. तीन वर्षं शिकवणी झाल्यामुळे तो जुना वाटाणा मला लांबूनही ओळखता यायचा, पानाच्या बगलेत जांभळी कडी असते. कडेच्या ओळी जशाच्या तशा उभ्या होत्या. वेलावेलावर शेंगा, भरून वाळायला लागलेल्या. त्यातली एकही कुणी खुडली नव्हती.

मी तिथेच बांधावर बसले. माझी परतीची वाट मी फोडणीला घातली होती, वर खोबरं भुरभुरलं होतं, आणि आणखी हवा का म्हणून आग्रहाने वाढली होती.

संध्याकाळी मी गोठवलेली एक पिशवी काढून मटारभात केला. श्रीरंग आला, हातपाय धुऊन बसला. ऊन अजून खिडकीत होतं. मी वाढलं आणि समोर बसले.

"कोणता नंबर आहे सांग," मी म्हटलं.

त्याने घास उचलला होता, तो परत ताटात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याची भीती असेल असं मला वाटलं होतं. पण तो दमलेला दिसत होता, पुष्कळ दिवस ओझं वाहिलेल्या माणसासारखा. मी शेतावर जाऊन आल्याचं सांगितलं. त्याने काही नाकारलं नाही.

"मला परत जायचं नाही, मालू," तो म्हणाला. "कधीच जायचं नव्हतं."

मग तो बोलत राहिला, तीन वर्षांत बोलला नव्हता एवढं. तिकडे देशात, त्याच्या जुन्या संशोधन केंद्रात, त्याच्या हाताखालचा मुलगा आता विभागप्रमुख झाला होता. परत गेला तर त्याला कुठल्या तरी उपकेंद्रावर टाकणार, जिथे बियाणं मागायला अर्ज आणि पाणी मागायला हात जोडायचे. तिकडे माझ्या नावाचा एक वाफा नाही, इथे अख्खी टेकडी आहे, असं तो म्हणाला. पहिले दोन हिवाळे वाया गेले तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं. तिसरा चांगला निघाला तेव्हा तो घाबरला. रविवारी प्रताप वाफ्यात शिरला तोवर त्याच्या मनात काही नव्हतं, ही शपथ त्याने दोनदा घेतली. मी त्यावर विश्वास ठेवला. वाईट याचं वाटलं की मला त्याचं सगळं समजत होतं. कोंडून राहणं काय असतं हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला समजणार होतं?

"मग तोंडाने सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तू हो म्हणाली नसतीस."

"नसतेच म्हणाले."

"मग?"

मी नाही म्हणाले असते, तो राहायचं म्हणाला असता, आणि आम्ही दोन्हीकडून अडकून बसलो असतो. पण ते आम्ही दोघं मिळून अडकलो असतो. त्याने मला एकटीला अडकवलं होतं, आणि वर दोष पाहुण्यांच्या ताटात वाढला होता.

त्याने हळूच विचारलं, डॉक्टर लिंडनना सांगणार आहेस का? तो विचार मी बांधावरच करून आले होते. सांगितलं असतं तर त्याचं नाव, त्याची टेकडी, सगळं त्याच दिवशी गेलं असतं, आणि आम्ही दोघं महिन्याभरात सांगलीत असतो. मला हवं होतं ते असं मिळत होतं. आणि मग जन्मभर मी त्याला समोर बसवून जेवायला वाढलं असतं, त्याने माझ्याकडे बघितलं असतं.

"ते तुझं तू सांग, नाही तर सांगू नको," मी म्हटलं. "माझं मी सांगते."

उठले आणि पद्मिनीला फोन लावला. श्रीरंग तिथेच होता, त्याला ऐकू यावं असंच मी बोलत होते.

"पद्मिनी, मी मालिनी. आधी ऐक. तो मटार तुम्ही खाल्ला नाहीत. आम्ही खाल्ला. मीच शिजवला."

मी सगळं सांगत बसले नाही, तिला तेवढ्यात कळलं असावं, कारण तिने प्रतापला बाहेर जायला सांगितलेलं मला ऐकू आलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं राहू दे, आता तू काय करणार आहेस? तोपर्यंत ते मलाही ठाऊक नव्हतं. पण नवऱ्याला टाकून आली, हे जे वाक्य तीन वर्षं कुणी न बोलताच मला ऐकू यायचं, ते त्या क्षणी ऐकू आलं नाही.

"सप्टेंबरात मला स्पोकेनच्या एअरपोर्टवर सोडशील?" मी विचारलं. "नाही, दोघांना नाही. एकटीला."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वळून पाहिलं. श्रीरंग ताटापुढे तसाच बसून होता. भात निवून गेला होता, आणि त्यातला मटार अजून हिरवागार होता.